मुलांचा रकाना

वरसे, रोहा
२२ फेब्रुवारी

प्रिय समीक्षा,

रविवारी फोनवर तू तीनदा विचारलंस, "फॉर्म गेला का पप्पा?" आणि मी तिन्ही वेळा "जाईल गं" म्हणून विषय बदलला. आई शेजारीच बसली होती, पण तिनं फोन हातात घेतला नाही. तुला ते खटकलंच असणार. फॉर्म भरलेला आहे, पण अजून पाठवलेला नाही. का, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. कंपनीत शिफ्ट सोडताना जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवायची मला सवय आहे. तसंच क्रमानं लिहितो. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन. ऋत्विकराव घरी असताना वाच आणि सावकाश वाच.

पासपोर्टपर्यंत तुला सगळं ठाऊक आहे. आईच्या बोटांचे ठसे उठेनात, लग्नानंतरची सात वर्षं मिठागरात गेलेली ती बोटं. तिथल्या मुलीनं ओल्या फडक्यानं पुसून पुसून चौथ्या वेळेला घेतले. जन्मतारखेचा प्रश्न आला नाही. भाताच्या कापणीत जन्मली एवढंच तिच्या माहेरी माहीत होतं, पण शाळेत मास्तरांनी एक जून घातली होती आणि आधारवरही तीच आहे. पोलीस चौकशीला आले तेव्हा आईनं त्यांना आधी चहा दिला आणि मग विचारलं, "काय केलंय आम्ही?" पासपोर्ट आल्यावर तिनं स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला.

कॅनडाच्या व्हिसाचे कागद पेणला भरायचं ठरलं. एसटी स्टँडजवळ वैशाली नावाची एक बाई हे काम करते, तुझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. आम्हाला काका, काकी म्हणते. तिनं सगळं नीट समजावलं. तुमचा पर्यटक म्हणून अर्ज आहे, तेव्हा तुम्ही परत येणार याची त्यांना खात्री पटायला हवी. त्यासाठी वरशाच्या घराची घरपट्टी, गावच्या जमिनीचा सातबारा, माझ्या पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, तुझं निमंत्रणपत्र, तुझ्या नोकरीचा दाखला. आई म्हणाली, "परत नाय येनार तर करनार काय गो त्या बर्फात?" वैशाली खूप हसली. मग म्हणाली की फॉर्ममध्ये काहीही खोटं लिहायचं नाही, लपवायचंही नाही. सापडलं तर अर्ज तर जातोच, वर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही.

मग तिनं कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म उघडला. नवरा, आईवडील, भावंडं झाली. आईचा अर्ज भरायचं चाललं होतं. वैशालीनं मान वर न करता विचारलं, "काकी, मुलं किती?"

मी म्हणालो, "एकच. समीक्षा." आणि माझं बोलणं संपायच्या आत आई म्हणाली, "दोन."

वैशालीला वाटलं, एखादं लहानपणी गेलेलं असेल. ती हलक्या आवाजात म्हणाली, "गेलेलं असलं तरी लिहावं लागेल, काकी." आई म्हणाली, "गेली नाय. गडब गावाला हाय. दिपिका नाव तिचं." मी म्हटलं, "अगो, कागदावर ती माझ्या बहिणीची, इंदूची आहे. शाळेत, आधारवर, सगळीकडे." तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "पोरं किती, हे मला आजवर कुनी इचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "ह्या लोकांनी इचारलंय. ह्यांना मी खोटं नाय सांगनार."

समीक्षा, तू उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूआत्याकडे गडबला राहायला जायचीस, ती दिपिकाताई आमची पहिली मुलगी आहे. तुझी सख्खी बहीण. हे वाक्य मनात जुळवायला मी तीन दिवस घेतले.

तेव्हा आम्ही वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात राहत होतो. मी कंपनीत ठेकेदाराकडे होतो, परमनंट नव्हतो. आई वीस वर्षांची होती. इंदूआत्याच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. गडबला तिच्या सासरी दुसरी बायको आणायची बोलणी सुरू झाली होती, मुलगीही बघून ठेवली होती. एक दिवस इंदू आमच्याकडे आली आणि ओट्यावर बसून राहिली. जेवली नाही, बोलली नाही. दोन दिवसांनी तुझ्या आजीनं मला बाहेर बोलावलं. "तुमचं वय हाय, तुम्हाला आनखी व्हतील. हिचा संसार मोडंल," म्हणाली. दिपिका सात महिन्यांची होती, नुकती बसायला लागली होती. मी हो म्हटलं. आजीचा दोष नाही, ती तिच्या लेकीसाठी मागत होती. दोष माझा. आई तेव्हा मिठागरावर होती. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा ठरून गेलं होतं, आणि मी तिला विचारलं नाही, सांगितलं. ती भांडली नाही. पोरीचे कपडे तिनंच बांधून दिले. रात्री अंगावरच्या दुधानं तिला ताप भरला. हे मला ठाऊक होतं, तरी मी सकाळी कामावर गेलो.

तुझा जन्म त्यानंतर सहा वर्षांनी झाला. मधल्या काळात गावात लोक काय काय बोलायचे ते आईनं ऐकलं. मी परमनंट झालो तेव्हा तिनं एकच मागितलं, गाव सोडायचं. म्हणून आपण वरशाला आलो. लहानपणी तू विचारायचीस ना, आई गडबला कधी राहत का नाही, दुपारी येऊन दुपारीच का परत जाते? आणि दिपिकाताईच्या लग्नात आई आतबाहेर करत राहिली, अक्षता पडताना मांडवात दिसलीच नाही, म्हणून तू तिच्यावर रागावली होतीस. मी मात्र त्या दिवशी मांडवात होतो. मामा म्हणून दिपिकाला हाताला धरून बोहल्यावर मीच नेलं. माझ्या आयुष्यात मला आठवायला नको वाटतं असं जे काही आहे, त्यात ते सगळ्यात वर आहे.

वैशाली शहाणी बाई आहे. तिनं लॅपटॉप बंद केला. म्हणाली, "दोन्ही बाजूंनी विचार करा, काका. कागदावर त्या तुमच्या नाहीत, त्यामुळे लिहिलंत तर सोबत खुलासा जोडावा लागेल. नाही लिहिलंत तर मला माहीत असून मी तो फॉर्म पाठवू शकणार नाही." तिनं फॉर्मची कच्ची छापील प्रत आमच्या हातात दिली आणि मुलांच्या रकान्यात तुझ्या नावाखालची ओळ मोकळी ठेवली.

रोह्याच्या गाडीत बसलो. तिकीट रोह्याचं होतं. गडब आलं तशी आई उठली आणि उतरली. मी मागोमाग उतरलो.

इंदू पडवीत वाल निवडत होती. आता तिला चालायला त्रास होतो, दिसतंही कमी. आईनं पाया पडून सरळ सांगितलं, फॉर्ममध्ये असं असं विचारतात आणि मी दिपिकाचं नाव लिहिणार आहे. इंदूनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग ती इतकी भडकली की शेजारची माणसं डोकावली. "माझ्या मरनापत्तुर थांबवत नव्हतं तुम्हाला? परदेशी जायला माझी पोर पायजे?" असं म्हणत राहिली. मी मध्ये बोलायला गेलो तर दोघीही माझ्यावर ओरडल्या. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं. आई खाली बसून वाल निवडायला लागली. इंदूनंही सूप परत पुढ्यात ओढलं. शेवटी आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही तिला वाढवली. ते कोन नाय म्हनतं? मी फक्त जनली, तेवढं लिहू द्या." इंदू रडायला लागली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "लिव. पन माझं नाव खोडू नको." आई म्हणाली, "खुलाशात आधी तुमचंच नाव घालू." आणि तसंच घातलंय. मी लिहिलाय तो खुलासा. पहिलं वाक्य आहे: दिपिका हिला माझी बहीण इंदुबाई हिने सात महिन्यांची असल्यापासून आई म्हणून वाढवले.

दिपिकाला सांगायचं काम इंदूनं स्वतःकडे घेतलं. म्हणाली, "मी आनली, मीच सांगीन." दिपिकाचे जितेशराव सेकंड शिफ्टला गेल्यावर इंदूनं तिला सांगितलं. त्यानंतर पाच दिवस दिपिकाचा फोन नाही, काही नाही. नागोठण्याच्या दवाखान्यातल्या ड्युटीलाही ती गेली नाही, असं कळलं. आई रोज स्वयंपाक करत होती आणि आम्ही दोघंही जेवत नव्हतो. मला वाटलं, एका फॉर्मसाठी आपण दोन घरं मोडली.

सहाव्या दिवशी दुपारी ती आली. एकटी. उंबऱ्यात चपला काढताना नेहमीसारखं "मामी, पाणी" म्हणाली आणि मग स्वतःच थबकली. आईनं पाणी दिलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. बसली आणि म्हणाली, "मला लहानपणी वाटायचं, मामीला मी आवडत नाही. आली की मला जवळ घ्यायची नाही, समीक्षाला घ्यायची." आई म्हणाली, "जवळ घेतली असती तर सोडली नसती." बस, एवढंच. त्या दोघी रडल्या नाहीत. मीच उठून मागच्या दारी गेलो.

परत आलो तर दिपिकानं पर्समधून आधारची झेरॉक्स काढलेली होती. म्हणाली, "कुठे लिहायचं ते दाखवा." कच्च्या प्रतीवर मुलांच्या रकान्यात तू पहिली ओळ होतीस, कारण तुझं नाव वैशालीनं आधीच घातलं होतं. खालच्या ओळीत दिपिकानं स्वतःच्या हातानं लिहिलं. नाव, जन्मतारीख, विवाहित, पत्ता गडब, व्यवसाय नर्स. शेवटी एक चौकट असते, ही व्यक्ती तुमच्यासोबत कॅनडाला येणार आहे का, हो की नाही. तिनं पेन 'नाही'वर नेलं. आई म्हणाली, "थांब गो." दिपिका थांबली. आईनं विचारलं, "येशील का?" मला खरंच वाटलं नव्हतं की ती असं विचारेल. दिपिकालाही वाटलं नसावं. ती म्हणाली, "आईचं कोण बघणार?" म्हणजे इंदूचं. इंदूला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचावं लागतं, ते दिपिकाच टोचते. ती चौकट तशीच मोकळी ठेवून ती उठली. जाताना "येते मामी" म्हणाली, आणि दाराशी आल्यावर मला म्हणाली, "तुम्हाला काय म्हणायचं ते अजून ठरलं नाही. तोवर मामाच म्हणते." मी म्हटलं, चालेल. माझ्यावरचा तिचा राग गेलेला नाही. जायलाही नको इतक्यात.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगतो. मी येत नाही. उन्हाळ्यात आई तुझ्याकडे असेल त्या दोन महिन्यांत मी गडबला इंदूकडे राहीन. इन्सुलिन टोचायला मी शिकलोय, गेले तीन आठवडे एक दिवसाआड जातो, इंदू प्रत्येक वेळी शिव्या देते आणि हात पुढे करते. दिपिकानं पासपोर्टचा अर्ज केला होता, तो परवा आला. जितेशराव हो म्हणालेत. माझ्या जागी आईबरोबर ती येईल. वैशाली म्हणते, आईचा नवरा आणि दिपिकाचं घरदार इथं आहे, त्यामुळे परत येण्याचा पुरावा उलट भक्कम झाला. पण तुला निमंत्रणपत्र नव्यानं लिहावं लागेल, माझं नाव काढून तिचं घालावं लागेल, आणि ती तुझी कोण लागते हे त्यात लिहावं लागेल. फॉर्ममध्ये आईनं मुलगी लिहिलंय, तेव्हा तुझ्या पत्रात ते जुळायला हवं. पण जुळायला हवं म्हणून लिहू नकोस. आईनं मला निक्षून सांगितलंय, "तिला फॉर्मवरून कळता कामा नये आनि तिच्यावर जबरदस्ती नको. तिला न इचारता काय ठरवू नका." एकदा न विचारता ठरवलं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. म्हणून तुला विचारतोय. हवे तेवढे दिवस घे. माझ्यावर रागव, आईवर नको. उन्हाळा निघून गेला तर पुढच्या वर्षी बघू. तुला लिहावंसं वाटलं तर तिचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव शेवटच्या पानावर इंग्रजीत काढून दिलंय, स्पेलिंग तेच ठेव.

तुझाच,
पप्पा