मिस्टर अल्डरबींचं मूळ गाव

४ मे, सोमवार. बँक हॉलिडे. सकाळी ११.१०
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. एक दिवसही चुकणार नाही.
कारण गंभीर आहे. सुप्रभा मावशीच्या हॅरोतल्या घरी, बॉक्सरूममध्ये, म्हणजे सामानाच्या छोट्या खोलीत, मी नोव्हेंबरपासून दोन आठवड्यांसाठी राहायला आलोय. आज टोस्टला लोणी लावता लावता तिने सांगितलं की काकांची भाची आश्लेषा जुलैत येतेय, नोकरीला, आणि तिला ती खोली लागेल. मी मेडनहेडला घरी जावं. बाबांनी ऑफिसात शब्द टाकून ठेवलाय. डेटा एन्ट्री.
म्हटलं, मला जाता येणार नाही, माझा रिसर्च चाललाय. कसला, तिने विचारलं. मी खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्यांचं दार, दारावर पितळी पाटी: अल्डरबी. म्हटलं, इंग्लिश आडनावांचा. कुठून आली, कुठे गेली.
तोंडातून निघून गेल्यावर जाणवलं की हेच आपलं क्षेत्र.
मावशीने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "क्षितिज, जून संपायच्या आत एक गोष्ट पूर्ण करून दाखव. कुठलीही. मग माळ्यावरचा लॉफ्ट रिकामा करून देते, राहा हवं तितकं."
मग तिने आजवरच्या अपूर्ण गोष्टी मोजल्या. युनिव्हर्सिटी, प्लंबिंगचा कोर्स, कॅफेतली नोकरी, युकुलेली, बाथरूमचा रंग. रंगाचा उल्लेख अनावश्यक होता. तीन भिंती झाल्यात.

५ मे, मंगळवार
शेजारच्या आजोबांना भेटलो. मावशी नर्स असून, चारचौघांत वावरणारी असून, त्यांना सरळ जेफ्री म्हणते. ऐंशीला टेकलेला माणूस! मी हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हटलं, गुड मॉर्निंग, मिस्टर अल्डरबी.
ते थांबले. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, व्हाय नॉट. इथे इतक्या आदराची सवय राहिलेली नाही.
विचारलं, अल्डरबी हे नाव मुळात कुठून आलं, शोधू का? चेहरा खुलला. म्हणाले, चोपन्न वर्षं रोज बघतोय, पण चौकशी करायची राहूनच गेली. वय एकोणऐंशी आणि बघतायत चोपन्न वर्षं. पहिली पंचवीस लक्ष गेलं नसेल.
२१ जूनला त्यांची ऐंशी पूर्ण. मागच्या बागेत चहा. तिथे मी पंधरा मिनिटं बोलायचं ठरलं. मावशीलाही बोलावणं आहे. म्हणजे परीक्षक जागेवर हजर.

१२ मे, मंगळवार
रोज लिहिलं नाही कारण रोज काम केलं.
सिद्धांत तयार. आम्ही निफाडकर, म्हणजे निफाडचे. मी निफाडला गेलेलो नाही, पण नाशिकला असताना तिकडे जाणारी बस पाहिलेली आहे. इंग्रजांना पुढे 'कर' लावायचं सुचलं नाही, गाव तसंच्या तसं ठेवतात. तेव्हा अल्डरबी नावाचं गाव पाहिजे. आणि आहे! यॉर्कशायरमध्ये. नावाच्या शेवटी 'बी' असलेली गावं व्हायकिंगांनी वसवलेली, हे लायब्ररीतल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मिळालं. पुढची पानं वाचायची गरज पडली नाही.
मिस्टर अल्डरबी व्हायकिंग आहेत. कुंपणावरून नीट बघितलं. गुलाबांना पाणी घालत होते, पण मनगट वल्ह्याचं.
नंतर व्हायकिंग जहाजं कशी बांधत त्याचे व्हिडिओ. सहा तास. सगळं लागणार आहे.

१९ मे, मंगळवार
एक लोकोपयोगी काम. आजोबांचा गुडघा धरलेला असतो म्हणून पोस्टमन त्यांची पत्रं आमच्या दारात टाकतो आणि मावशी संध्याकाळी नेऊन देते. आता ते मी बघतो. बघतो तर काय, सगळं टपाल कुणा जी. टर्नरचं! पत्ता आजोबांचा, माणूस भलताच. आधीचा भाडेकरू असणार. गॅसचं पत्र, डेंटिस्टचं पत्र, एक जाड निळं पाकीट कॅनडाचं. या टर्नरने जगभर खोटा पत्ता दिलाय.
म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. प्रत्येकावर ठळक अक्षरांत लिहिलं की या पत्त्यावर असं कोणी राहत नाही, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत परत. उरलं काय, तर पिझ्झाची जाहिरात. ती नेऊन दिली. मिस्टर अल्डरबींना एकाचंही पत्र येत नाही, हे बघून वाईट वाटलं.

२ जून, मंगळवार
फील्डवर्क. सकाळच्या कोच बसने यॉर्कशायर. उद्या दुपारपर्यंत परत.

५ जून, शुक्रवार
लीड्सला कोच बदलताना सर्फबोर्डवाल्या चौघांशी ओळख झाली, त्यांच्याबरोबर स्कारबरोला गेलो. विषयांतर म्हणता येणार नाही. समुद्र हा व्हायकिंगांचा मुख्य पुरावा. दोन दिवस पुरावा नाकातोंडात गेला.
आज अल्डरबी. एक पब, एक चर्च, एक बस स्टॉप, तिथली बस आठवड्यातून दोनदा. चर्चच्या आवारातली सगळी थडगी वाचली. एकही अल्डरबी नाही. फुलं लावणाऱ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की त्या नावाचं घराणं इथे कधी ऐकलेलं नाही, हे आपलं गावाचं नाव.
सुरुवातीला जरा खचलो. मग सँडविच खाताना उलगडलं. एकही उरला नाही, याचा अर्थ सगळेच्या सगळे निघून गेले! स्थलांतर सिद्ध. इतका स्वच्छ पुरावा आपल्याकडे पेशव्यांचाही नसेल.

९ जून, मंगळवार
बॉक्सरूमच्या भिंतीवर वंशवृक्ष लावला. सर्वांत वर पहिला व्हायकिंग, नाव अज्ञात. सर्वांत खाली मिस्टर अल्डरबी. मध्ये अकराशे वर्षं.
मालविका बघून गेली. मावशीची मुलगी, जन्मापासून हॅरोची, वकिलांच्या फर्ममध्ये आहे. म्हणाली, "क्षितिज, तुझी झाड रिकामा आहे." तिला मराठी येत नाही, म्हणून टीका मनावर घेतली नाही. तिने आणखी विचारलं, की आजोबांनाच का विचारत नाहीस, त्यांचे वडील कोण, आजोबा कोण. मी समजावलं की साधनं तटस्थ हवीत. घरचे लोक भावनिक असतात.

१४ जून, रविवार
आजोबा कुंपणाशी उभे होते, गुलाबांकडे पाठ. मुलीबद्दल बोलले. हेलन, टोरांटोला असते. यांना फोनवर ऐकू येत नाही, कम्प्युटर यांना जमत नाही, म्हणून ती दर आठवड्याला पत्र लिहिते. एकवीस वर्षांत खंड नाही. मेपासून एकही आलेलं नाही. दोनदा विचारलं मला, आमच्याकडे चुकून काही पडलं नाही ना.
मी छातीवर हात ठेवून सांगितलं, टपाल मी स्वतः बघतो, तुमच्या नावाचं एक चिठोरंही सुटणार नाही. कॅनडा लांब आहे, धीर धरा. त्यांनी माझा खांदा थोपटला. डोळे भरून आले. माझे.
घरी आलो तर कालच्या टपालात पुन्हा त्या टर्नरचं निळं पाकीट. या वेळी कार्ड असावं, जाड होतं. लगेच परत टाकलं. आता हे चौथं. हा माणूस कोणालाच का कळवत नाही?

२० जून, शनिवार
स्लाइड्स एक्केचाळीस. त्यातल्या चौतीस जहाजाच्या. बागेत प्रोजेक्टर चालत नाही हे आज कळलं. हरकत नाही, लॅपटॉप हातात धरून फिरवेन. आजोबांसाठी शिंगांचं हेल्मेट घेतलं, प्लास्टिकचं.
मावशीला सांगितलं, उद्यापासून लॉफ्ट आवरायला घेऊ. ती म्हणाली, उद्या होऊ दे.

२१ जून, रविवार. संध्याकाळी ५.३०
जसं झालं तसं लिहितो.
सकाळी हेलनचा मावशीला फोन. रडत होती. बाबा आहेत ना, एवढंच विचारत होती. तिची पहिली तीन पत्रं परत आली होती, असं कोणी इथे राहत नाही असा शेरा मारून, आणि तिने जे समजायचं ते समजून विमानाचं तिकीट बघायला घेतलं होतं. पाकिटाचा फोटो पाठवला. मावशीने फोटो मोठा केला. माझं अक्षर ती बाथरूमच्या रंगाच्या यादीपासून ओळखते.
मला समोर बसवलं. ओरडली नाही, तेच वाईट. "जेफ्री टर्नर नाव आहे त्यांचं. अल्डरबी हे घराचं नाव. इथे घरांना नावं असतात, क्षितिज."
आपल्याकडे दारावर माणसाचं नाव असतं, हे मी सांगितलं. ती म्हणाली, ते तू त्यांना जाऊन सांग.
गेलो. हेल्मेट हातात होतं, ठेवायचं सुचलं नाही. सगळं सांगितलं. पत्रांचंही. त्यांनी मावशीच्या फोनवर हेलनला बघितलं, स्क्रीनवर हात ठेवला, तो काढलाच नाही. ऐकू येत नव्हतं तरी पाऊण तास.
नंतर माझ्याशेजारी बसले. म्हणाले, मला वाटलं तुमच्याकडे माणसाला घराच्या नावाने हाक मारायची पद्धत असेल. रिटायर झाल्यापासून मिस्टर कोणी म्हटलं नव्हतं. बरं वाटायचं.
पाटी आधीच्या मालकांची. यांनी घर घेतलं तेव्हापासून काढायची राहिलीय. टर्नरांचा इतिहास त्यांनी एका वाक्यात सांगितला: घराणं चेशमचं, लेथवर लाकडी वाडगे घडवणारं, म्हणून टर्नर, आणि मेट्रोपॉलिटन लाइनची रेल्वे आल्यावर यांचे आजोबा गाडीत बसले, ते हॅरोला उतरले. संपलं. बोट नाही, समुद्र नाही. आपले सुतार.
तरी म्हणाले, तयारी केलीच आहेस तर बोल. हेल्मेट स्वतः घातलं. पंधरांपैकी तेरा मिनिटं जहाज बांधण्यात गेली. शिडापाशी असताना केक आला.
मावशीने घड्याळ बघितलं. मीही बघितलं. पूर्ण झालं असतं.

२९ जून, सोमवार. मेडनहेड
ऑफिसचा पहिला दिवस. डेटा एन्ट्री. पहिला रकाना: आडनाव. दोनशे बारा भरले, एकाचंही गाव शोधलं नाही. शिस्त.
निघताना मिस्टर टर्नरांनी पाटी उचकटून मला दिली. म्हणाले, माझ्यापेक्षा तिच्यासाठी तूच जास्त केलंस. हेलनला रोज एक माफीचं पत्र लिहायचं मी ठरवलंय. आजचं उद्या लिहीन.
पाटी कपाटात कशी ठेवायची? ती दारावरच शोभते. काल आमच्या फ्लॅटच्या दारावर लावली. आई म्हणाली, छान चकाकते.
मावशीने माझे ऑफिसचे बूट कुरिअरने पाठवले होते. संध्याकाळी आलो तर दारात कार्ड: निफाडकर नावाचं या पत्त्यावर कोणी राहत नाही, पार्सल डेपोत परत नेलं आहे.
उद्या तिथे जाऊन मी निफाडकर आहे हे सिद्ध करायचंय. पुरावे गोळा करायला बसलोय. मुळापासून सुरुवात करतो. निफाड.