सासूबाईंच्या बंदुकीची माशी

३ मे

आज पुन्हा सील सुटला. बर्फावर उताणा पडला होता, आंधळ्यानंही मारला असता. माझा नवरा नुतारक पोटावर सरपटत गेला, नेम धरला, आणि गोळी सीलच्या डावीकडे. सील भोकातून पाण्यात. नवरा परत येऊन म्हणतो, "वारा होता." वारा! तंबूचं कापड हलत नव्हतं.

ही थ्री-नॉट-थ्री म्हणजे मोठ्या लढाईनंतर लष्करानं विकून टाकलेला माल. सासूबाईंची. नळीच्या टोकाशी नेम धरायची माशी असते, ती एका बाजूला सरकलेली, म्हणून गोळी डावीकडे जाते. आमच्याकडे सगळे सीलच्या डोक्याएवढं उजवीकडे धरून मारतात. आज नवरा तेवढं विसरला. माशी सरळ करायची कोणाची टाप नाही. का, तर आईनं लावलीय. आईला जाऊन किती वर्षं झाली.

५ मे

अस्वल येऊन गेलं. आम्ही घोरत होतो. दगडांखाली ठेवलेलं मांस उकरून खाल्लं, कडेला बांधलेली गाडीची कुत्री मारली. बर्फात त्याचं पाऊल उमटलंय, माझी दोन्ही त्यात बसतात.

आणि बर्फगाडीचं तेल संपत आलंय. नवरा आणि दीर पालुक वस्तीवरून तेल आणणार. उरलेल्या तेलावर गाडी ओझं ओढणार नाही. ओझं म्हणजे मी आणि सासूबाई. आम्ही इथंच.

सासूबाई म्हणजे पालुकची सात वर्षांची पोरगी. तिची आई बाळंतपणाला दवाखान्यात, म्हणून ती आमच्यात. म्हातारी गेली त्याच हिवाळ्यात ही जन्मली, म्हातारीचं उविलुक हे नाव हिला मिळालं, म्हणजे आमच्या रीतीनं तीच परत आली. नवरा हिला आई म्हणतो. हिचा बाप हिला आई म्हणतो. मी सासूबाई म्हणते, ती मला सूनबाई. एकदा सुटले होते मी.

६ मे

नवऱ्याला म्हटलं, बंदूक ठेवून जातोयस तर सरळ करून ठेव. अस्वल अंगावर आल्यावर सीलची डोकी कोण मोजत बसणार?

"आईला विचार."

विचारलं. सासूबाई सुका मासा चावत होत्या, नाक वाहत होतं.

"सासूबाई, माशी सरळ करू का?"

बराच वेळ विचार केला त्यांनी. "नको."

"का पण?"

"माझी आहे."

दोन दांडगे पुरुष माना डोलावतात. पालुक म्हणाला, "चला, विषय संपला."

"अस्वलालाही सांगून ठेवा, भावजी. विषय संपला म्हणून."

हसला. निर्लज्ज.

७ मे

पुरुष गेले. सासूबाई झोपल्या. मी हातोडी काढली.

जाता जाता पालुकनं ज्ञान दिलं होतं. "नुसतं सांगून ठेवतो हं वहिनी, करायचं नाही. गोळी डावीकडे जाते ना? मग माशी उजवीकडे ठोकायची. साधा हिशेब." ठोकली. बिस्किटाच्या डब्याचं झाकण लांब उभं करून गोळी मारली. पहिल्यापेक्षाही डावीकडे गेली. साध्या माणसाचा साधा हिशेब. मग माशी उलटी ठोकली, चांगली डावीकडे. गोळी झाकणाच्या मधोमध. नळीवर म्हातारीनं खरवडलेली रेघ आहे, माशी आता तिच्यापासून दूर. स्क्रू झिजलाय, आवळत नाही. खाली कातड्याची चिंधी कोंबली.

मागे वळले तर सासूबाई तंबूच्या दारात.

"काय करतेस?"

"डबा मारतेय."

नळीकडे बघितलं, गप्प आत गेल्या. म्हातारीही अशीच गप्प बसायची आणि मग भांडी आपटायची.

गोळ्या उशाशी घेतल्या. बंदूक बाहेरच टांगली. आत आणली की तिला घाम फुटतो, बाहेर काढली की तो गोठतो.

८ मे

सासूबाई रुसल्यात. बाहेर एकट्याच दगड आपटत बसल्या होत्या. चहा परत केला, साखर कमी म्हणून.

९ मे

अस्वल आलं. भर दुपारी. लपणं नाही, हुंगणं नाही, पाहुण्यासारखं सरळ तंबूकडे.

बंदूक भरली, गुडघ्यावर बसले. माशी छातीच्या मधोमध धरली. सरळ केलीय, आता डोकी मोजायला नकोत.

मागून आवाज आला, "उजवीकडे, सूनबाई."

"गप्प बसा. सरळ केलीय मी."

"उजवीकडे. सांगितलेलं कळत नाही?"

तोच आवाज. तुझे टाके सैल, तुझा दिवा धुरकट, तुझा चहा पाणचट. जन्मभर त्या आवाजानं हलवलंय मला. हात आपोआप उजवीकडे गेला आणि गोळी सुटली. मनात म्हटलं, घ्या, सासूचं ऐकण्यापायी आता दोघी मरतो.

अस्वल खाली बसलं. मग आडवं झालं. मी जवळ जाऊन आणखी एक घातली. मग बर्फावरच ओकले.

संध्याकाळी पुरुष आले. नवऱ्यानं अस्वल बघितलं. सासूबाईंना उचलून घेतलं, खाली ठेवायलाच तयार नाही. मला म्हणाला, "चहा पिलीस का काही?" हे त्याचं प्रेम.

पालुक म्हणाला, "बघितलंस वहिनी, आईची माशी होती तशीच बरी."

मी माशीचं काही बोलले नाही. पण सरळ बंदूक उजवीकडे धरली तर गोळी उजवीकडे जायला हवी. कातडं काढताना बघितलं, छातीच्या मधोमध शिरली होती. माझंच डोकं फिरलं असेल.

१० मे

बंदूक पुसायला घेतली. चिंधी गायब. माशीवर दगडाचे ठोके. माशी परत सासूबाईंच्या रेघेवर, केसाचाही फरक नाही. म्हणजे काल मी माझ्या अकलेनं मधोमध धरलं असतं तर...

"सासूबाई, माशीला हात कोणी लावला?"

मासा चावत म्हणाल्या, "मी नको म्हटलं होतं ना."

आज त्यांचा चहा आधी केला. साखर त्यांनाच घालून घ्यायला दिली.