यंदाच्या फसीखला वासच नाही

१३ एप्रिल २०२०, सोमवार

नूरहानचा घसा दुखतोय. तापही आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. एरवी मी म्हटलं असतं की हे परीक्षेचं दुखणं आहे, पण सध्याच्या दिवसांत असं म्हणून चालत नाही. दुपारी घरात जाहीर केलं की आजपासून सगळी परिस्थिती मी हाताळणार. साफिनाझने विचारलं, तुला नेमलं कोणी? बायकोला संकटाचं गांभीर्य नाही.

हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, घरीच ठेवा, वेगळ्या खोलीत ठेवा, श्वासाकडे लक्ष द्या. मी हेच करणार होतो.

आजार आला कुठून, याचाही छडा लावला. नूरहान मागच्या आठवड्यात मैत्रिणीकडे नोट्स आणायला गेली होती. शुद्ध बेजबाबदारपणा. दाराबाहेर उभं राहून तिला बराच वेळ समजावलं. मी स्वतः कामाशिवाय बाहेर पडत नाही. फिक्रीच्या कॉफीहाउसात जातो तेवढा अपवाद. ते तर बंदच आहे. शटर अर्धं ओढलेलं असतं आणि आत आम्ही चौघंच, एका हुक्क्यावर. बाहेरचं कोणी नसतं.

खरा प्रश्न आईचा. ती खाली तळमजल्यावर एकटी राहते. तिला दमा आहे. हे तिच्यापर्यंत पोचलं तर ती वाचणार नाही. निश्चय: आजारी घरातून कोणीही खाली जायचं नाही. आईकडे फक्त मी जाईन.

१४ एप्रिल

नियम लिहून नूरहानच्या दारावर चिकटवले. ताट उंबऱ्यावर ठेवायचं. दाराखाली ओला टॉवेल. खोलीत जाणारी आणि खोलीतून येणारी प्रत्येक वस्तू क्लोरीनच्या पाण्यातून काढायची. अपवाद नाही. खाली सही केली.

ताट साफिनाझ नेते. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाहून देखरेख करतो. घाबरलो म्हणून नव्हे. घरात एकाने तरी धडधाकट राहायला हवं. नूरहान आतून म्हणाली, बाबा, तुरुंगात निदान भेटायला तरी येतात. तिच्या वयात असं बोलतात. मनावर घेतलं नाही.

अंग मोडून आलंय. काल तिची खाट खिडकीपाशी हलवली त्याने असेल. हलवली साफिनाझने, पण सूचना सगळ्या माझ्या होत्या.

१५ एप्रिल

जेवण बेचव. मुलुखियाच्या भाजीत लसूणच नाही. साफिनाझ म्हणते, अख्खा गड्डा घातलाय, फोडणीचा वास जिन्यात गेलाय, तुझं लक्ष कुठे आहे? वाद घातला नाही. ती दमलेली आहे. मनातल्या मनात माफ केलं.

क्लोरीनची बाटलीही भेसळीची निघाली. अजिबात वास नाही. माप दुप्पट केलं, मग तिप्पट. दारं, कड्या, फरशी, सगळं स्वतः पुसून काढलं. त्यानंतर नूरहानचा खोकला एकदम वाढला. साफिनाझही खोकू लागली. दोघींच्या डोळ्यांतून धारा. म्हणजे लक्षणं पसरतायत. मला मात्र काही झालं नाही. माझी प्रकृती मुळात दणकट.

१६ एप्रिल

आईकडे जेवलो. ती कधीच एकटी जेवत नाही. समोर कोणी नसलं की ताट तसंच झाकून ठेवते. म्हणून रोज जातो. एका ताटात बसलो आणि तिने नेहमीसारखा भरल्या कबुतराचा पहिला घास माझ्या तोंडात घातला. म्हणाली, डोळे खोल गेलेत रे तुझे, ती वर तुला खायला घालते की नाही? मी म्हटलं, सगळी जबाबदारी माझ्यावर पडलीय. आई म्हणाली, तू लहानपणापासूनच नाजूक. तिला माझं बरोबर कळतं.

तिच्या कॉफीतही वेलदोडा नव्हता. सगळ्या मन्सूरा शहरातला वेलदोडा संपलेला दिसतो.

१७ एप्रिल, शुक्रवार

मशिदी बंद. घरीच नमाज. नंतर मिदहतशी व्हिडिओ कॉल. मिदहत म्हणजे साफिनाझचा भाऊ, औषधाचं दुकान चालवतो. त्याने नूरहानला आ करायला लावलं, टॉर्च धरायला लावली आणि म्हणाला, टॉन्सिल आहेत, पू दिसतोय, गोळ्या पाठवतो, पोरीला उगाच कोंडू नका. इतकं सोपं असतं तर सगळं जग बंद पडलं असतं का? विलगीकरण चालू राहील.

मिदहत एक गोष्ट मात्र कामाची बोलला. या आजारात पुष्कळांचा वास जातो म्हणे. नूरहानच्या नाकाची चाचणी घ्यायचं ठरवलं. साधनही ठरलं: सोमवारच्या सणाचं फसीख. पिंपात खारवून कुजवलेला तो मासा ज्याच्या नाकाला कळत नाही, त्याच्या नाकात काही उरलं नाही असं समजायचं.

१९ एप्रिल, रविवार

उद्या शम्म अल-नसीम. यंदा बागा बंद, नाईलकाठी फिरणं बंद, गर्दी करायची नाही. अगदी योग्य. वसंताच्या वाऱ्याचा सण घरात बसूनही करता येतो. फसीख मात्र घरात बसून आणता येत नाही. नबरोह गावी गेलो. वडील गेल्यापासून आमच्या घरात मासा माझ्याच नाकाने निवडला जातो. कल्ला उचलायचा, हुंगायचं, हो किंवा नाही सांगायचं. गल्लीतले लोकसुद्धा माझ्यावर सोपवतात.

दुकानदार शिहाताने पहिलं पिंप उघडलं. लोक रुमाल लावून मागे सरले. मी आत वाकलो. काहीच नाही. म्हटलं, शिहाता, हा मासा मुरलेलाच नाही. तो म्हणाला, खोटं बोलत असेन तर बायकोला तलाक. दुसरं पिंप उघडायला लावलं. मग तिसरं. त्यावर म्हणाला, वगदीसाहेब, पाया पडतो, हे मी स्वतःसुद्धा खात नाही. त्यातलेच घेतले. पुडकं सैलच बांधू दिलं. वास नाही तर आवळायचं कशाला?

परतताना मायक्रोबसमधल्या लोकांनी भराभर सगळ्या खिडक्या उघडल्या. दोघं तर मध्येच उतरले. हवा खेळती ठेवायची आणि गर्दी टाळायची, हे आता लोकांना पटलंय. बरं वाटलं.

२० एप्रिल, शम्म अल-नसीम

सकाळी टेबलावर पुडकं उघडलं. लगेच वरच्या मजल्यावरून फोन, गटार फुटलंय का? दरवान बयूमी नाकाला फडकं बांधून जिना चढून आला. साफिनाझ बाल्कनीत पळाली. आणि बंद दाराआडून, ओल्या टॉवेलच्या पलीकडून नूरहान ओरडली, बाबा, घरात काय मेलंय?

म्हणजे तिला वास येतो. चाचणी व्यवस्थित पार पडली.

साफिनाझला आत बोलावून सांगितलं की लोकांना बोभाटा करायला काहीतरी लागतं, यंदाच्या फसीखला वासच नाही, हे बघ. आणि पुडक्यात तोंड घातलं. तिने स्वयंपाकघरातून कांदा आणला, कापून माझ्या नाकाखाली धरला. मग व्हिनेगर. मग क्लोरीनची बाटली. मी म्हटलं, सांगतोय ना, भेसळ आहे. ती खुर्चीत बसली. म्हणाली, वगदी, रोज खाली जेवत होतास. एकाच ताटात?

त्याचा इथे काय संबंध, असं मी म्हटलं. मला सायनस आहे.

फसीख तिने पिशवीवर पिशवी बांधून बयूमीबरोबर धाडून दिलं. कुठे, ते विचारलं नाही.

२१ एप्रिल

नूरहानच्या खोलीत मुक्काम हलवला. तात्पुरता. तिचा ताप उतरला, ती बाहेर आहे. दार तिनेच ओढून घेतलं आणि म्हणाली, सॉरी बाबा. टॉवेलही तिनेच लावला. देखरेख इथूनसुद्धा करता येईल. नियमांचा कागद दाराच्या बाहेरच्या बाजूला राहिलाय, पण मला सगळे पाठ आहेत. ताप आहे. दगदगीचा.

२२ एप्रिल

आईला खोकला सुरू झाला. साफिनाझने दाराबाहेरून सांगितलं. मी म्हटलं, खमासीन वारा सुटला असेल, दरवर्षी धुळीने होतं तिला. खिडकीपाशी जाऊन पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं. वारा रस्त्याच्या त्या बाजूला असेल.

२४ एप्रिल, शुक्रवार, पहिला रोजा

काल संचारबंदीच्या आधी आईला नेलं. अँब्युलन्स खिडकीखालीच उभी होती. तिला खुर्चीत बसवून बाहेर काढलं तेव्हा तिने मान वर केली. मी हात हलवला. ओरडलो, नुसत्या तपासण्या आहेत आई, दोन दिवसांत घरी येशील. तीही काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही. नंतर नूरहानने सांगितलं, आजी विचारत होती, त्याने खाल्लं का?

तापामुळे रोजा धरला नाही. सूर्यास्ताला मगरिबची बांग झाली तेव्हा सगळ्यांबरोबर पाणी प्यायलो. काही वाटत नाही. भीतीही नाही. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

२६ एप्रिल

आईचा फोन. नर्सने धरून दिला होता. थांबत थांबत बोलली. म्हणाली, यंदा फसीख झकास निघालं हं. सोमवारी सकाळपासून खाली वास येत होता. मी रोट्या गरम करून ठेवल्या, हिरवा कांदा निवडून ठेवला, म्हटलं आता आणेल, मग आणेल. नंतर वाटलं, कामात विसरला असेल.

मी म्हटलं, तुझा वाटा काढून ठेवलाय.

म्हणाली, शेपटीकडचा नको हं.

नाही, म्हटलं.

३० एप्रिल, गुरुवार

आई काल गेली. पुरायला मिदहत आणि चार माणसं, पांढऱ्या कपड्यांत. मांडव नाही, माणसं नाहीत, मनाई आहे. मी इथेच होतो. कालपासून रडू यायची वाट बघतोय. साफिनाझ माझ्या दाराला पाठ लावून बसते. तिचं रडणं ऐकू येतं. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नूरहानकडे आईची रोजची पांढरी ओढणी मागितली. आई कपाटात रुमी मस्तकीच्या सुगंधी डिंकाची पुरचुंडी ठेवायची. लहानपणापासून तिच्याजवळ गेलं की तोच वास. दुपारी ताटाबरोबर ओढणी आली. तोंडावर घेऊन बराच वेळ बसलो.

नूरहान दाराबाहेरच बसली होती. रोज बसते. तिने विचारलं, बाबा, येतोय का वास?

मी म्हटलं, येतोय ना. स्पष्ट. मस्तकीचा. आजीचाच.

ती हळूच म्हणाली, बाबा, ती मी क्लोरीनमधून काढलीय. दोनदा. खोलीत जाणारी प्रत्येक वस्तू, असं लिहिलंय ना तुम्ही. मापही तुमचंच घेतलं, तिप्पट.

मी म्हटलं, बरोबर केलंस.

ओढणी अजून ओलीच होती. तेही मला कळलं नव्हतं.