हरणाऱ्यांसाठी आईची टपरी

सेकार,

गाडी लवकरची होती, तुला उठवलं नाही. सुट्टीच्या दिवसांत घरी बसून केलेला माझा कॉम्प्युटरवरचा खेळ बांडुंगच्या कंपनीने घेतला, आणि तो पुरा करायला मलाही कामावर घेतलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या खेळांतल्या चुका काढल्या, आता बास!

खेळात हरलं की जिथे जाऊन बसायचं, ती तुझ्या आईची टपरी काढा म्हणत होते. हरलेला माणूस तिथे कंटाळेल म्हणे. मी म्हटलं, चार जणांना खेळवून बघा. चौघंही मुद्दाम हरत बसले, आईच्या तेव्हा रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकायला: "पुन्हा हरलात? बसा, आधी जेवा."

टपरी राहिली!

सोतो सूपचं पातेलं गॅसवर आहे, गरम करून घे. कॉम्प्युटरवर खेळ लावून ठेवलाय. आई गेल्यापासून तू तो उघडलाच नाहीस. आज एकदा हर.

— तुझा बापाक