अठ्ठ्याऐंशीव्या पानानंतर

२ फेब्रुवारी, रविवार

पुस्तक संपलं! गोष्ट नाही—पुस्तक! पान अठ्ठ्याऐंशी, वैमानिक आणि चोर खाणीच्या दाराशी, आत म्हातारी वाटाडी अडकलेली, आणि पुढे थेट पुठ्ठा. धाकटी किंचाळली, "ताई, उलट ना पान!" काय उलटू, कपाळ?

दीड वर्ष दर रविवारी दुपारी आम्ही तिघं या टेबलाशी बसतोय. माझी धाकटी बहीण वैमानिक, माझ्या चष्म्याच्या दुकानाशेजारचा केमिस्ट चोर, आणि बाकी अख्खं विश्व मी. समोर काय दिसतंय ते मी सांगायचं, काय करणार ते त्यांनी, मग फासे. खेळाचा हा खोका, आत हे पुस्तक, चाळीस वर्षांपूर्वीचा—लहानपणी सगळ्यांनी तीन-तीनदा पाहिलेल्या त्या अंतराळाच्या सिनेमावर काढलेला. आई अजून विचारते, "पण जिंकतं कोण?" कुणीच नाही गं!

त्यांच्याआधी पुढचं पान वाचायचं नाही, ही माझीच शिस्त. भोवली. महिनाअखेरीस धाकटी नव्या नोकरीवर जाणार, विमानाने सहा तास लांब. हाताशी तीन रविवार.

३ फेब्रुवारी

दुकानात काचा तपासायच्या भिंगाखाली पुस्तकाची शिवण पाहिली. दोरा शाबूत, फाटल्याची खूण नाही. म्हणजे पानं हरवली नाहीत—नव्हतीच! असा अर्धवट खेळ कुणी विकतं?

मागच्या पुठ्ठ्यावर, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत लेखिकेचं नाव.

६ फेब्रुवारी

जुने खेळ जमवणाऱ्या एका गृहस्थांनी नंबर मिळवून दिला. बाई हयात आहेत! याच शहरात! शिवणाचे वर्ग घेतात! लगेच फोन लावला, खेळाचं नाव सांगितलं.

"राँग नंबर." खट्.

७ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली.

९ फेब्रुवारी, रविवार

खेळलो नाही, नुसते बसलो. केमिस्ट म्हणाला, "तुम्हीच रचा की पुढचं." मी? मी छापलेलं वाचून दाखवणारी. धाकटी फासे हातात खुळखुळवत राहिली. एक रविवार वाया.

११ फेब्रुवारी

फोन आला!! त्यांचाच! नमस्कार नाही, काही नाही—"तुमच्याकडे म्हातारी कशा आवाजात बोलते?"

समोर गिऱ्हाईक, भिंतीवरची अक्षरं वाचतंय. मी फोनवर हात धरून, घसा खरवडून, सुपारी कातरल्यासारखा तो आवाज काढला: "पाय बघून टाका पोरांनो, डोंगर झोपलाय." गिऱ्हाईक वाचायचं थांबलं. मग बाई म्हणाल्या, "हे वाक्य माझं नाही."

"नाही. पुस्तकात तिला दोनच ओळी आहेत. बाकीचं मी घालते. चुकलं का?"

"रविवारी किती वाजता बसता?"

१६ फेब्रुवारी, रविवार

बाई येऊन गेल्या! साठी उलटलेल्या, ताठ, बोटात शिवताना घालायचा अंगुस्ताना तसाच राहिलेला. चहा निवून गेला तरी बोलतच होत्या. केमिस्टने मान खाली घालून कबुलीच दिली—म्हातारी आवडली म्हणून सिनेमा पुन्हा पाहिला, पण त्यात ती सापडलीच नाही.

"नसेलच," बाई म्हणाल्या. "मी तो सिनेमा पाहिलेला नाही."

आमची तोंडं उघडीच! सिनेमा लागायच्या आधी खेळ बाजारात आणायचा होता. कंपनीने बारा फोटो दिले आणि सहा आठवडे. एका फोटोत मागे कुणीतरी वाकून उभं होतं, धूसर. त्यावरून म्हातारी. "नंतर कळलं, तो दिव्याचा स्टँड होता." केमिस्टला ठसकाच लागला.

आणि शेवट? लिहिला होता. पानं वाढतात म्हणून कंपनीने कापला, विचारलंसुद्धा नाही. त्या रागाने त्यांनी पुन्हा खेळाचं नाव काढलं नाही. पिशवीतून वही काढली, वाचायला लागल्या. खाण कोसळते. म्हातारी मरते.

"हे चालणार नाही!" धाकटी उठूनच उभी राहिली.

बाईंनी वही मिटली. "तेवीस वर्षांची होते. त्या वयात कुणी मेल्याशिवाय शेवट झाल्यासारखा वाटायचा नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पुढच्या रविवारी तुम्ही सांगा. मी बघते."

१९ फेब्रुवारी

जेवण जात नाही. सतरा सुरुवाती लिहिल्या, सतराही फाडल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

कागद न घेताच बसले! खाणीत शिरले दोघं. चोराने दोनदा फासे वाईट टाकले, दिवा गमावला. अंधारात धाकटीने म्हातारीचा हात शोधला—तिला लागत होता सहा, पडला सहा! केमिस्टने टेबलावर अशी थाप मारली की आई आतून धावत आली.

यान तयार. धाकटी म्हणाली, "आजी, चला आमच्याबरोबर. जागा आहे."

मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं, त्या आवाजात: "मी इथेच बरी. मागून येणाऱ्यांना वाट कोण दाखवणार? तू नीघ. मागे वळून बघू नको, यान वाकडं जाईल."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. म्हातारीकडे नव्हे—माझ्याकडे. मग डोळे पुसत म्हणाली, "निघते." मी फासे खोक्यात ठेवले.

बाई जाताना दारात थांबल्या. "हा खेळ कुणी खेळताना मी आज पहिल्यांदा पाहिला." माझा हात दाबला. अंगुस्तान्याची खूण उठली.

२८ फेब्रुवारी

धाकटी गेली. वळून बघितलं नाही शहाणीने. रडले, मग हसले.

१२ मार्च

बाईंकडून पाकीट. नवा खेळ! कुठल्या सिनेमाचा नाही. म्हातारीचा—तरुणपणापासूनचा. स्वच्छ अक्षरात तीस पानं, एका दमात वाचली. एकतिसावं कोरं. वर पेन्सिलीने दोनच शब्द:

"इथून तुम्ही."