पाहुण्यांसाठी बांधलेली चूल

आई, कडेगावच्या आपल्या शेतावर आता पुण्या-मुंबईचे लोक राबायला येतात. राबायला म्हणजे सुट्टीला. सकाळी हळदीत गवत काढायला बसतात आणि ऊन चढायच्या आत बांधावर टेकून एकमेकांच्या मातीच्या हातांचे फोटो काढतात. दादा त्यांना 'स्वयंसेवक' म्हणतो. सेंद्रिय शेती शिकायला आलेत म्हणे. शेणाची पाटी दोघांनी मिळून उचलायची आणि चार पावलांवर ठेवून पाणी प्यायचं, असलं ते शिकणं. त्यांच्याकडं बघून मला हसूसुद्धा येत नाही.

त्यांच्यासाठी दादानं स्वयंपाकघरात चूल परत बांधलीय. मी पहिल्या पगारात गॅस आणला, तेव्हा तू बटण फिरवून पुन्हा पुन्हा विझवत होतीस, पेटवत होतीस. "धुराबिगर सैपाक! आदी का न्हाई आणलास गं?" हसत म्हणालीस. तोवर तुझी छाती कामातून गेलेली. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर चुलीचं विचारत होते, दादा मान खाली घालून उभा होता. तोच दादा आता वहिनीला नऊवारी नेसवून चुलीपुढं बसवतो. वहिनी खोकते, डोळे पुसते, भाकरी थापते. समोर एक पाहुणी डोळे मिटून म्हणते, "या धुराचा वास किती शुद्ध आहे ना!"

मी कळशी उचलली आणि चुलीत रिकामी केली. राखेचा लोट उठला आणि त्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमातलाच भाग वाटला त्यांना. दादा ओरडला, "यडी झालीस व्हय गं?"

"आईला कशानं नेलं, ते इचार स्वतःला," मी म्हणाले. तो तडक बाहेर गेला. पाहुणे बाहेर पडवीत जेवायला बसले, तेव्हा वहिनीनं उरलेल्या भाकरी आत गॅसवर भाजल्या. त्या खाऊन पाहुणे म्हणाले, चुलीची चव ती चुलीचीच.

भांडी आवरताना वहिनी हळूच म्हणाली, "ताई, तुमी उद्या जाशीला. चूल मलाच पेटवायची हाय." मी रिकामी कळशी भरून तिच्याजवळ ठेवली. सकाळी पिशवी भरत होते, तर स्वयंपाकघरातून धूर येत होता.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. एसटी आलीच नाही. कऱ्हाडपर्यंत मी त्या धुराचं कौतुक करणाऱ्या बाईच्याच गाडीतून आले. गाडीत एसी होता. बरं वाटलं.