चौकीदाराला मारायचं का?

गुरुवार, संध्याकाळ, आर. के. पुरम

मी बनवतेय त्या गेममधली मुलगी अर्ज घेऊन कचेरीच्या फाटकाशी येते, चौकीदार अडवतो. आज ऑफिसात आमचे बॉस गौरव सर म्हणाले, "यार, लड़ाई के बिना रोल-प्लेइंग कैसा? चौकीदार को मारने दो, लेवल बढ़ेगा." उद्यापर्यंत मारामारी घातली नाही तर गेम बंद. मी मान डोलावली. घरातली पहिली ग्रॅज्युएट होऊन हेच शिकले का?

घरी येऊन गेममधल्या मुलीच्या हातात लाठी दिली आणि आईला खेळायला बसवलं. आई चौकीदारासमोर थांबूनच राहिली. "याला मारू कशाला? त्याची ड्युटी आहे. बोलायचं बटण कुठंय?"

बाबा हसले. पंचवीस वर्षं ते साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसतात. "मला मारून कुणी आत गेलं नाही गं. गोड बोलून मात्र बरेच गेले."

गेममध्ये हरायचा धोका हवा, एवढं सरांचं बरोबरच. पण एक शब्द चुकला आणि अर्ज हातातच राहिला, हा धोका नाही का? चौकीदाराशी बोलतानाही हरता येतंच की.

लाठी काढून टाकली. बोलणं लिहिलं, चुकलं तर फाटक दिवसभर बंद. उद्या मान डोलवायची नाही. सरांनाच फाटकासमोर खेळायला बसवायचं.